भुंगेऱ्यांची रात्रीची शिकार : कपाळावरच्या बॅटरीचा उजेड कोणत्या रंगाचा असावा?



वळवाचे दोन चांगले पाऊस झाले की आपल्या शिवारात हुमणीचे भुंगेरे निघतात आणि रात्री कडुनिंब-बाभळीखाली आपली धावपळ सुरू होते. पूर्वी हे काम कंदिलावर आणि दोन सेलच्या बॅटरीवर होई. आता बाजारात कपाळाला पट्ट्याने बांधायच्या बॅटऱ्या आल्या आहेत. हात मोकळे राहतात, काम उरकते. पण या बॅटरीची कळ एकदा दाबली की पांढरा उजेड पडतो, पुन्हा दाबली की तांबडा, आणि काहींत तिसऱ्यांदा हिरवा. गटाच्या बैठकीत आम्हांला हमखास प्रश्न येतो : "साहेब, तांबडा दिवा लावला की भुंगेरे बिचकत नाहीत म्हणतात. मग सगळ्यांनी तांबडाच लावायचा का?"

याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. तांबडा उजेड एका कामाला फार चांगला आहे आणि दुसऱ्या कामाला जिवावरचा आहे. दोन्ही कामे एकाच रात्री, एकाच झाडाखाली, दहा पावलांच्या अंतरात करावी लागतात. म्हणून आज या एकाच विषयावर सविस्तर लिहीत आहोत.

हे रंगीत दिवे आले कुठून?

हे दिवे मुळात आपल्या कामासाठी निघालेले नाहीत. अमेरिकेत टेक्सास राज्यात रानडुकरांचा मोठा उपद्रव आहे आणि तिथे कायद्याने त्यांची रात्री शिकार करता येते. तिथले शिकारी बंदुकीवर किंवा कपाळावर तांबडा अथवा हिरवा दिवा लावतात. डुकराच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, माणसाच्या तीन. त्यामुळे माणसाला स्वच्छ दिसणारा तांबडा उजेड डुकराला अगदी मंद वाटतो. माणसाला दिसावे आणि जनावराला कमी दिसावे, हा त्यातला हिशेब.

आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. उसात डुकरे शिरली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर हत्यार उचलता येत नाही, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे. आपल्याला मोकळेपणाने करता येण्यासारखी शिकार एकच, ती म्हणजे भुंगेऱ्यांची. तिला परवाना नको, बंदूक नको. लागते ती वेळ, चार माणसे आणि योग्य उजेड.

शिकार कोणाची आणि कधी?

आपल्या हलक्या व मध्यम रानात नुकसान करणारी हुमणी मुख्यतः होलोट्रिकिया सेराटा या जातीची आहे. हा लेख तिच्यापुरताच समजावा. वर्षातून हिची एकच पिढी होते. उन्हाळाभर भुंगेरा जमिनीत पडून असतो. मे-जूनमध्ये पाऊस पडून जमीन ओली झाली की दिवस मावळताना तो बाहेर निघतो. आपल्या भागात जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो. त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात भुंगेरे कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, तिथे त्यांचे मिलन होते, रात्रभर पाला खातात आणि पहाटे उजाडायच्या आत पुन्हा जमिनीत जातात. पुढे मादी जमिनीत अंडी घालते.

एक मादी साधारण ५० ते ६० अंडी घालते. हिशेब सोपा आहे. एका रात्री चार झाडांखाली मिळून १,००० भुंगेरे गोळा झाले आणि त्यांत निम्म्या माद्या धरल्या, तर ५०० माद्यांची प्रत्येकी ५० अंडी म्हणजे २५,००० अंडी जमिनीत पडायची वाचली. हीच अंडी उबली की अळ्या सुरुवातीला सेंद्रिय पदार्थ व बारीक मुळ्या खातात. पुढे मोठी झालेली अळी उसाची मुळेच कुरतडते. बेट पिवळे पडते, वाळते, आणि हाताने ओढले तर मुळासकट उपटून येते. त्या वेळी औषधावर कितीही खर्च केला तरी गेलेले बेट परत येत नाही. मेटारायझियम बुरशीसारखे जैविक उपाय जरूर करावेत, पण अळीच्या मागे जमिनीत धावण्यापेक्षा तिच्या आईला झाडावर गाठणे स्वस्त. अंडी घालून झाल्यावर गोळा केलेला भुंगेरा म्हणजे नुसती मजुरी, म्हणून भुंगेरे निघाल्यावरच्या पहिल्या काही रात्री सर्वांत मोलाच्या.

आपला डोळा अंधारात कसा चालतो?

माणसाच्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी आहेत. एक प्रकार भरपूर उजेडात चालतो व रंग ओळखतो. दुसरा प्रकार मंद उजेडात चालतो, पण त्याला रंग कळत नाही. चांदण्यात बांधावरचे गवत हिरवे न दिसता करडे दिसते ते यामुळेच. अंधारात चालणाऱ्या या दुसऱ्या पेशींना निळसर-हिरवा उजेड सर्वांत जास्त समजतो, तांबडा जवळजवळ समजतच नाही.

हे घरच्या घरी पाहता येते. अंगणात जास्वंदीचे झाड असेल तर दुपारी त्याचे तांबडे फूल पानापेक्षा उठून दिसते. तेच दिवस मावळल्यावर पाहावे. फूल काळे पडलेले दिसते आणि हिरवे पान त्याच्यापेक्षा उजळ वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुर्किंजे नावाच्या झेक शास्त्रज्ञाने ही गोष्ट नोंदवली. आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते.

उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पुरता सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. मध्येच कोणी पांढरी झगझगीत बॅटरी तोंडावर मारली, किंवा आपणच मोबाइलचा पडदा पाहिला, की हा सराव क्षणात मोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. तांबड्या मंद उजेडाने मात्र तो फारसा मोडत नाही. तांबड्या दिव्याचा हा पहिला उपयोग.

किड्याचा डोळा निराळा

मधमाशीला रंग कळतात हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने रंगीत कागद आणि साखरेचे पाणी एवढ्याच साधनांवर सिद्ध केले. त्याच प्रयोगांत दिसले की तांबडा रंग तिला काळ्या-करड्यापेक्षा वेगळा ओळखता येत नाही. पुढे १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. बहुतेक किड्यांचे असेच आहे. त्यांच्या डोळ्यांना हिरवा, निळा आणि माणसाला मुळीच न दिसणारा अतिनील उजेड चांगला समजतो. तांबड्या टोकाचा उजेड त्यांच्या दृष्टीने जवळपास अंधारच. कीटकशास्त्राचे अभ्यासक रात्रीच्या किड्यांचे निरीक्षण तांबड्या दिव्यात करतात ते याचसाठी.

किडे दिव्याभोवती का फिरतात, याचेही कारण आता पुष्कळसे उमगले आहे. उडताना किडा आपली पाठ नेहमी उजेडाच्या बाजूला ठेवतो. हजारो पिढ्या रात्रीचा उजेड आभाळाकडूनच येत आला, त्यामुळे पाठ उजेडाकडे म्हणजे आपण सुलटे, हा त्याचा अंदाज बरोबर ठरत असे. जवळ दिवा लागला की तो पाठ दिव्याकडे वळवतो आणि तिथेच गरगरत अडकतो. जलद छायाचित्रणाने हे दाखवणारा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला.

आपल्या पांढऱ्या एलईडीचा उजेड मुळात निळ्या दिव्यावर पिवळसर लेप देऊन केलेला असतो. त्यात निळा भाग पुष्कळ राहतो. ट्यूबसारखा थंड पांढरा दिवा असेल तर अधिक, पिवळसर पांढरा असेल तर कमी. म्हणून कपाळावर थंड पांढरी बॅटरी लावून झाडाखाली उभे राहिले की पाखरे, किडे, सगळे डोळ्यांत, नाकात येतात. माणूस एका हाताने तोंड झाडतो आणि दुसऱ्या हाताने भुंगेरे वेचतो. काम निम्मे होते.

तांबड्या उजेडाचा फायदा आणि त्यातच दडलेला धोका

तांबड्या दिव्याचा आणखी एक फायदा फार थोड्यांच्या लक्षात येतो. हिरवे पान तांबडा उजेड शोषून घेते, परत फारच थोडा फेकते. म्हणून तांबड्या दिव्यात कडुनिंबाचा पाला काळपट दिसतो. भुंगेरा तपकिरी. तपकिरी रंगात तांबड्याचा अंश असतो, त्यामुळे काळपट पाल्यावर तो बरेचदा फिकट ठिपक्यासारखा उठून दिसतो. म्हणजे पाने अंधारात जातात, भुंगेरा पुढे येतो, आणि त्याला आपला दिवा फारसा कळतही नाही.

आता हाच नियम जमिनीला लावून पाहा. झाडाखाली काय असते? वाळका पाला, काटक्या, तांबूस माती, बांधावरचे पाचट. सगळे तपकिरी. आणि त्यात वेटोळे घालून घोणस बसली असेल तर तीही तपकिरी, तिच्या अंगावरचे गोल ठिपकेही तांबूस-तपकिरी. पांढऱ्या उजेडात त्या ठिपक्यांच्या साखळीवरून ती ओळखू येते. तांबड्या उजेडात माती, पाचट, कातडी आणि ठिपके सगळे एकाच फिकट रंगाचे होऊन जाते. ज्या कारणाने भुंगेरा दिसतो, त्याच कारणाने घोणस लपते. फुरसेही मातीच्याच रंगाचे, त्यालाही हेच लागू.

एका गटात असे घडले आहे. नाव-गाव सांगण्याची गरज नाही. बाभळीखाली पाचजण तांबडे दिवे लावून वेचत होते. एका आजींना आपली जुनी बॅटरीच बरी वाटे. त्यांनी ती सहज खाली मारली तर नातवाच्या पायापासून दोन पावलांवर घोणस होती. पाचही जणांच्या नजरेखालून ती गेली होती. नजर अधू नव्हती, उजेडच तसा होता.

अनेकांचा समज आहे की रात्री जनावरांचे डोळे चमकतात, तसे सापाचेही चमकतील. मांजर, कोल्हा, बिबट्या यांच्या डोळ्यांमागे आरशासारखा पडदा असतो, म्हणून ते चमकतात. सापाच्या डोळ्यात तसा पडदा नाही. तेव्हा चमक दिसली नाही म्हणजे साप नाही, असे धरून चालू नये. अमुक रंगाच्या दिव्याने साप दूर पळतो असेही सांगितले जाते, त्यातही तथ्य नाही.

ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. आपल्या देशातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे सरासरी वर्षाला ५८,०००. त्यांतले बहुसंख्य खेड्यांतले, आणि निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. भुंगेरे गोळा करण्याचा हंगाम आणि सापाचा हंगाम एकाच पावसाने सुरू होतो.

मग कोणता रंग कशाला?

आम्ही सभासदांना एक सोपे सूत्र सांगतो : पायाला पांढरा, झाडाला तांबडा, सापळ्याला जांभळा.

पांढरा : घरापासून झाडापर्यंत, एका झाडाकडून दुसऱ्याकडे आणि परत घरी, चालताना फक्त पांढरा उजेड. शक्यतो पिवळसर पांढरा घ्यावा, किडे कमी येतात. हा दिवा कपाळावर असण्यापेक्षा हातात, गुडघा-कमरेच्या उंचीला धरलेला बरा. कपाळावरचा उजेड नजरेच्याच रेषेत पडतो, त्यामुळे वस्तूची सावली दिसत नाही आणि जमीन सपाट वाटते. बॅटरी खाली धरली की ढेकळाची, काटकीची, सापाची लांब सावली पडते आणि वस्तू उठून दिसते. दारे धरायला रात्री जाणाऱ्यांनीही हीच सवय ठेवावी. पाणी धरताना तांबड्या दिव्याचे काही काम नाही.

तांबडा : झाडाखाली जागा पाहून झाल्यावर, भुंगेरे पाहण्यासाठी, मोजण्यासाठी आणि वेचण्यासाठी. नजर वर किंवा ताडपत्रीवर असेल तेवढाच वेळ.

हिरवा : आपल्या डोळ्याला हिरवा उजेड फार चांगला समजतो, थोड्या बॅटरीत पुष्कळ दिसते, हे खरे. पण किड्यालाही तो तितकाच समजतो. भुंगेऱ्यांच्या कामात त्याचा फायदा नाही. जास्तीचे पैसे त्यासाठी देऊ नयेत.

जांभळा, म्हणजे अतिनील : हा माणसाच्या डोक्यावर नको, प्रकाश सापळ्यात हवा. किड्यांना तो सर्वांत जास्त ओढतो. सापळा माणसे वेचत असलेल्या झाडापासून दूर, मोकळ्या बांधावर ठेवावा. खाली घमेल्यात साबणाचे पाणी ठेवावे. सापळा संध्याकाळी सात ते दहा एवढाच चालवावा, कारण रात्रभर ठेवला तर आपले मित्रकीटकही त्यात मरतात. या दिव्याकडे एकटक पाहू नये, डोळ्याला इजा होते. एक जादा माहिती : विंचवाच्या अंगावर अतिनील उजेड पडला की तो हिरवट-निळा चमकतो. ताडपत्री उचलण्यापूर्वी, गमबूट घालण्यापूर्वी आत पाहायला ही छोटी बॅटरी कामाची आहे.

झाडाखालच्या कामाची रीत

१) दिवसाउजेडी झाडे ठरवून ठेवावीत. झाडाखालचे गवत, काटेकुटे, दगडांचे ढीग काढून जागा साफ करावी. ही साफसफाई कोणत्याही दिव्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

२) दिवस मावळण्यापूर्वी झाडाखाली ताडपत्री किंवा जुने पांढरे धोतर-चादर अंथरावी. तांबड्या उजेडात पांढरे कापड उजळ दिसते आणि त्यावर पडलेला भुंगेरा गडद. वेचायला सोपे जाते आणि हात पाल्यात घालावा लागत नाही.

३) चौघांचा गट करावा. एकजण आकडीने फांदी हलवील, दोघे वेचतील. चौथ्याने काहीही वेचायचे नाही. त्याने हातात पांढरी बॅटरी घेऊन थोडे बाजूला उभे राहायचे आणि भोवतालची जमीन पाहत राहायचे. बॅटरी कोणाच्या तोंडावर मारायची नाही, जमिनीवरच फिरवायची. हा चौथा माणूस वाया जातो असे कोणी म्हणू नये. मोटेवर बैल हाकणारा आणि पाणी दारी लावणारा वेगळाच असे, तसेच हे.

४) भुंगेरे स्थिरावल्यावर, साधारण आठनंतर, प्रथम पांढऱ्या उजेडात ताडपत्रीभोवती फेरी मारावी. मग तांबडा लावून फांद्यांवर अंदाज घ्यावा. झाडावर सरासरी २० किंवा अधिक भुंगेरे दिसले तर मोहीम लगेच हाती घ्यावी, उद्यावर टाकू नये.

५) फांद्या जोराने हलवून पडलेले भुंगेरे लगेच वेचून बादलीत टाकावेत. पूर्वी रॉकेल मिसळलेले पाणी वापरत. आता रॉकेल सहज मिळत नाही, तेव्हा कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी करावे. साध्या पाण्यात भुंगेरा तरंगून काठाने वर येतो, साबणाच्या पाण्यात बुडतो.

६) ताडपत्रीच्या बाहेर पाऊल टाकण्यापूर्वी तांबडा बंद, पांढरा चालू. हा नियम लहानथोरांनी मोडू नये.

७) पायात गमबूट, हातात काठी असावी. सापाला हवेतला आवाज नीट कळत नसला तरी जमिनीचा हादरा कळतो. काठी आपटत चालावे.

८) जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर यांसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात एकट्याने जाऊ नये, लहान मुलांना नेऊ नये. ओणवे किंवा उकिडवे बसलेले माणूस बिबट्याला लहान सावजासारखे दिसते. वेचणारे खाली वाकलेले असतात, म्हणून चौथ्या माणसाने उभे राहूनच पहारा करावा, पांढरी बॅटरी उसाच्या कडेने फिरवावी आणि सर्वांनी मोठ्याने बोलत राहावे.

बॅटरी विकत घेताना

तांबड्या दिव्यासाठी वेगळी कळ असलेली बॅटरी घ्यावी. एकाच कळीवर सगळे रंग असले की तांबडा लावताना आधी पांढरा झगमगतो, सरावलेली नजर जाते आणि भुंगेरेही बिचकतात. पावसात चालेल अशी, पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण असलेली असावी. उजेड किती प्रखर यापेक्षा कमी-जास्त करता येतो का, हे पाहावे. वेचायला मंद उजेड पुरतो.

नवीन घ्यायची ऐपत नसेल तर काळजी नको. दिवाळीच्या आकाशकंदिलाला लावतो तो तांबडा जिलेटिनचा कागद दुहेरी करून जुन्या बॅटरीच्या काचेवर रबराने बसवावा. पांढऱ्या एलईडीत तांबडा अंश कमी असल्याने उजेड बराच मंद होतो, पण झाडाखाली चालून जातो. कागद चटकन काढता येईल असाच लावावा.

काही पुरुषांना जन्मतः तांबड्या-हिरव्यातला फरक कळत नाही. त्यांतल्या काहींना तांबडा दिवा फारच अंधुक दिसतो. घरात कोणाला "तांबड्यात काहीच दिसत नाही" असे वाटत असेल तर त्याला हसू नये. त्याला चौथ्या माणसाचे, पांढऱ्या बॅटरीचे काम द्यावे.

साप चावलाच तर

जखम कापू नये, चोखू नये, करकचून आवळपट्टी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. माणसाला झोपवून धीर द्यावा. चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळी लावून सैल बांधावा आणि हलू देऊ नये. बोटातली अंगठी, पायातले जोडवे, पैंजण लगेच काढावेत, कारण सूज चढते. १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष मिळणाऱ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. साप मारण्यात किंवा पकडण्यात वेळ दवडू नये. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. "काहीतरी टोचले" म्हणून कोणी घरी जाऊन झोपू नये. पापण्या जड होणे, पोटात दुखणे, गिळायला त्रास होणे अशी लक्षणे मागाहून दिसतात.

शेवटी एवढेच

भुंगेरा बांध ओळखत नाही. एका सभासदाने आपल्या दोन झाडांखाली रात्र जागवली आणि शेजाऱ्याची दहा झाडे तशीच राहिली, तर त्याचा उपयोग थोडाच. पाऊस झाला की शिवारातल्या सगळ्यांनी त्याच आठवड्यात, ठरवून, वस्तीवार गट पाडून निघाले पाहिजे. सहकाराने आपण कारखाना उभा केला, तर एका झाडाखाली चौघे उभे करणे अवघड नाही.

आमची सभासदांना विनंती आहे की मे महिना संपण्यापूर्वी घरातल्या बॅटऱ्या तपासून घ्याव्यात, आपापल्या गट कार्यालयात झाडांची यादी व गटाची नावे द्यावीत आणि प्रत्येक गटात पांढरी बॅटरी धरणारा चौथा माणूस कोण, हे त्या यादीतच लिहावे. ज्या यादीत चौथे नाव नसेल ती आम्ही परत पाठवू. ऊस पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतो.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग